मरोळमध्ये चाललेला व्हिडिओ

पप्पांनी त्या व्हिडिओसाठी खास शर्ट काढला होता. माझ्या पदवीदानाच्या वेळी शिवलेला, आकाशी रंगाचा. मी म्हटलं, "पप्पा, कॅमेऱ्यात फक्त हात दिसणार आहेत." तर म्हणाले, "असू दे गं. बाह्या तर दिसतील ना."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पप्पांची शाळा नववीत सुटली आणि ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात लागले. तिथेच फिटर झाले. बाटल्यांना झाकणं लावायची मशीनं बनतात तिथे. पुढे त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर, कंपनीची वेबसाइट सांभाळायला मी लागले. खाली पप्पा, वर मी. विक्रोळीहून एकाच बसने यायचो, जेवायला एकच डबा उघडायचो.

गिऱ्हाइकाकडे मशीन गेलं की मागोमाग पप्पा जायचे. राजकोट, इंदूर, कुठेही. हत्यारांची पेटी घेऊन जायचे आणि मशीन नीट चालेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. "आपल्या शेडमध्ये चाललं म्हणजे चाललं नाही," असं त्यांचं एक वाक्य आहे. "गिऱ्हाइकाच्या जागेवर, त्याच्या लाइटवर, त्याच्या बाटलीवर चाललं पाहिजे." हे मी लहानपणापासून ऐकत आले. बालवाडीतल्या गाण्यासारखं पाठ होतं, आणि तेवढंच लक्ष होतं माझं त्याच्याकडे.

मग एक मशीन चीनला गेलं. पप्पांच्या हृदयात नुकतीच स्टेंट बसली होती, लांबचा प्रवास बंद. शेठ म्हणाले, "व्हिडिओ काढा, वेबसाइटवर टाका. तिकडचे बघून करतील."

त्या व्हिडिओत पप्पांनी आपली सगळ्यात जपलेली गोष्ट दाखवली. झाकण फिरवणारी जी मुंडी असते, ती झाकणापासून किती वर ठेवायची हे ते बसच्या तिकिटाने बघतात. तिकीट मध्ये सरकवायचं आणि ओढायचं. अडकत अडकत निघालं की सेटिंग बरोबर. माप घ्यायच्या पोलादी पट्ट्या गाळ्यात आहेत, पण पप्पा म्हणतात, पट्टीने माप कळतं, तिकिटाने ओढ कळते. ओढ म्हणताना त्यांचा आवाज थोडा कापला होता. चार दिवस ते घरात आरशासमोर बोलून बघत होते.

भाषांतर करणाऱ्या एका बाईंकडून मी खाली चिनी अक्षरं घालून घेतली. मग सगळे करतात तेच केलं. व्हिडिओ टाकला त्या मोठ्या परदेशी साइटवर आणि तिथून आमच्या पानावर जोडला. माझ्या कॉम्प्युटरवर लावला, चालला. फोनवर लावला, चालला. लिंक पाठवली. उत्तर आलं, मिळालं, फार आभारी आहोत.

बसमध्ये पप्पांनी विचारलं, "तिकडे चाललं का गं?"

"चाललं पप्पा. झकास."

तीन आठवड्यांनी तक्रार आली. झाकणं सैल बसतायत, बाटल्या गळतायत. शेठ माणूस वाईट नाही, पण म्हणाले, "व्हिडिओ बघूनही जमत नाही म्हणजे सांगण्यातच काहीतरी राहिलं. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी बोलायला लावू या."

"बरोबर आहे शेठ," पप्पा म्हणाले. "मला मशीन येतं, बोलता येत नाही."

त्या दिवशी त्यांनी डब्यातली भाजी तशीच ठेवली. पुढचे दोन दिवस खाली गाळ्यात त्यांचा आवाज नव्हता. एरवी नव्या कामगाराला शिव्या घालत शिकवणारा हा माणूस नुसता हाताने दाखवून बाजूला होत होता. मला ते बघवेना.

चीनच्या त्या कारखान्यात मशीन सांभाळणारी एक बाई होती. मी तिलाच लिहिलं, व्हिडिओतला कुठला भाग कळला नाही? तिचा उलट प्रश्न आला, कुठला व्हिडिओ? सोबत तिच्या स्क्रीनचा फोटो. आमच्या कंपनीचं नाव, आमचा पत्ता, आणि मधोमध एक पांढरा चौकोन. तिला वाटलं होतं, नंतर काहीतरी येईल तिथे. विचारायला बरं वाटलं नाही, म्हणाली.

ती परदेशी साइट चीनमध्ये बंद असते. मला हे माहीत होतं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं मी.

जिना उतरून खाली गेले. "पप्पा, त्यांनी व्हिडिओ बघितलाच नाही."

"का? एवढा वाईट झालाय?"

"दिसलाच नाही त्यांना. जिथे टाकला ती साइट त्यांच्याकडे बंद आहे. मी इथेच लावून बघितला होता. मरोळमध्ये."

त्यांनी फडक्याने हात पुसले. एकेक बोट पुसलं. "म्हणजे आपल्या शेडमध्ये चालवून पाठवलंस."

"हो."

"ग्रॅज्युएट ना गं तू?" आणि हसले. एवढे हसले की शेजारच्या लेथवरचा माणूस वळून बघायला लागला. मला रडू येत होतं आणि हे हसतायत.

चीनमधल्या साइटवर खातं उघडायला गेले, तर तिथला फोन नंबर मागत होते. तिथल्या सर्व्हरवर ठेवायचं तर तिथल्या कंपनीचे कागद लागतात. शेवटी व्हिडिओची फाइलच आमच्या ताब्यात घेतली आणि सिंगापूरच्या एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली, त्यातल्या त्यात जवळ म्हणून. पानावरच्या अक्षरांचा फॉन्टही तशाच एका बंद परदेशी साइटवरून येत होता, त्याने पान उघडायला वेळ लागायचा. तोही आमच्याकडे आणला. या वेळी झालं म्हणून कुणाला सांगितलं नाही. कारखान्यातल्या त्या बाईला लिहिलं, तू लाव, काय दिसतं ते सांग.

पहिल्यांदा आवाज आला, चित्र थिजलं. मग फाइल हलकी केली, तीन तुकडे केले. पप्पा दिवसातून तीनदा पोटमाळा चढून यायचे. मी ओरडायचे, "चढू नका ओ!" ते म्हणायचे, "तिकडची लाइट आली का ते बघायला आलो."

चौथ्या दिवशी तिच्याकडून एक छोटा व्हिडिओ आला. निळ्या बाहीतला हात, आमचं मशीन, मुंडीखाली सरकवलेला कागदाचा तुकडा. तिने तो ओढला. अडकत अडकत निघाला. मग तिने भरलेली बाटली उलटी धरली. थेंब नाही.

पप्पांनी तो चार वेळा लावायला लावला. पाचव्यांदा म्हणाले, "तिकीट कुठलं गं तिचं?"

मी विचारलं. नूडल्सच्या दुकानाचं बिल होतं.

"जरा जाड आहे, मुंडी तेवढी वर राहते. सांग तिला, हात चांगला आहे तुझा. पण मुंडी अर्धा आटा खाली घे."

मी लिहिलं. ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"पाठवलं?"

"पाठवलं."

"तिकडे दिसलं का, ते विचार."