दाजींची मोडलेली तुकडी

आभाळावर माझ्या दाजींइतकी कडक नजर ठेवणारा माणूस अख्ख्या जाफराबाद तालुक्यात झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते फौजेतून टेंभुर्णीला परतले, ते मान वर करूनच. विमानं पाडणाऱ्या तोफांच्या एका तुकडीत ते होते. तुकडी बरखास्त झाली, दाजींची ड्यूटी मात्र सुटली नाही. औरंगाबादकडे जाणारं विमान घरघरलं, की चहाची बशी हातात तशीच धरून ते भर बाजारात उभे राहत आणि ओरडत, "आपलंच हाय! आपलंच!" जणू सारी टेंभुर्णी तोफा रोखूनच बसली होती. राजूरला गणपतीच्या रांगेत असंच ओरडून त्यांनी पुजाऱ्याच्या हातचा नारळ पाडला. माझ्या चुलत भावाच्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकात! भटजी थांबले, नवरदेव वर बघू लागला आणि गडबडलेल्या वऱ्हाडानं अक्षता भलतीकडेच उधळल्या. मी शरमेनं मांडवाच्या खांबाआड गेलो. अक्का म्हणाली, "तुला एका दिवसाची लाज वाटून राह्यली. मंग माझं काय?"

तुकडीचा इतिहास दाजी रंगून सांगत. वाळूच्या पोत्यांआड तोफा कशा मांडल्या, रेल्वेचा पूल कसा राखला, स्वयंपाकी डाळ कशी न चुकता करपवायचा, सगळं. फक्त "विमानं किती पाडली?" असं विचारलं, की त्यांना एकदम बैलांना पाणी दाखवायची आठवण व्हायची. गावानं हा विनय समजला आणि पाडलेली विमानं आपापसांतच वाढवत नेली.

एका सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झाल्यावर सरपंचांनी दाजींना शाल पांघरवली आणि सांगून टाकलं, "आपल्या फौजींनी दुश्मनाची चार विमानं पाडली!" टाळ्या कडाडल्या. दाजी उठले. त्यांनी शाल काढून तिची नीट घडी केली.

"चार न्हाई. एक बी न्हाई," ते म्हणाले. "साऱ्या लढाईत आम्ही एकदाच तोफा चालवल्या. धुकं होतं. पुलावर विमान आलं. 'दुश्मन' म्हून मीच ओरडलो. ते आपलं निघालं. नेम चुकला, म्हून आतलं पोरगं वाचलं."

शाल टेबलावर ठेवून ते खाली उतरले. मान इतकी खाली, की पायरी चुकली. कुणी हसलं नाही.

त्यानंतर दाजी बाजारात येईनात. शेताकडे जायचे तेही मागच्या पांदीच्या वाटेनं. सरपंच स्वतः शाल घेऊन घरी आले. "फौजी, पोरगं वाचलं ना? मंग घ्या ही," म्हणाले. दाजींनी हात जोडले. शाल घेतली नाही.

एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी समजूत घातली, "दाजी, त्या विमानवाल्यानं कवाच माफ केलं असंल."

"माफी मागायचीच होती रे," ते म्हणाले. "लढाई सरली, अन् घरी सुट्टीवर आल्तो. साहेबांकडून त्याचं नाव घ्यावं, जाऊन पाय धरावे, असं ठरवून परत गेल्तो. तवर तुकडीच मोडली. तोफा एकीकडं, माणसं एकीकडं, साहेब कुठं ते कुणाला ठावं न्हाई. आता माफी मागू कुणाला?"

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी ती कधी बसली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र ती बाहेर आली आणि त्यांच्या अगदी जवळ बसली.