भिक्षूला आंघोळ कोण घालतं?

"मूर्ती उचलायची नाही," जुशोकु-सान म्हणाले.

जुशोकु म्हणजे मंदिराचे मुख्य भिक्षू. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अगदी मऊ, पण शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्यासमोर मी आणि माझे बॉस फुजिता-सान गुडघे मोडून बसलो होतो. माझे पाय केव्हाच बधिर झाले होते. बाहेर अंगणात आमची व्हॅन उभी होती आणि व्हॅनमध्ये वजन करायचं सगळं सामान होतं. मूर्ती न उचलता तिचं वजन कसं करायचं, हे कॉलेजात मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. नवऱ्याच्या आयटी काँट्रॅक्टबरोबर पुण्याहून टोकियोतल्या फुनाबोरीला आले, काही वर्षं घर आणि मुलगी सांभाळली, जपानी शिकले. त्याची बदली ओसाकाला झाली आणि इथे मलाही नोकरी लागली. आमची छोटी कंपनी म्युझियमसाठी मेन्शिन स्टँड बनवते. भूकंपात मौल्यवान वस्तू पडू नये म्हणून तिच्याखाली हा स्टँड ठेवतात. खालची प्लेट जमिनीबरोबर हलते, वरची रोलरवर सरकते आणि जवळजवळ जागच्या जागी राहते. हलत्या बसमध्ये एखादी बाई भरलेला डबा हातात धरते आणि आमटी सांडू देत नाही, तसंच हे.

पण त्यासाठी वस्तूचं नेमकं वजन आणि तिचा तोल कुठे आहे, म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, हे आधी कळावं लागतं. इथे अंदाजपंचे चालत नाही. तोल चुकीचा धरला तर धक्क्यात वरची प्लेट सरळ न सरकता फिरते. मग स्टँड नसलेला परवडला.

काम होतं ओसाकातल्या एका प्रदर्शनाचं. विषय: चीनमधलं यांगचौ शहर आणि तिथली नामवंत माणसं. कालव्याकाठचं हे गाव मोठं नशीबवान. श्रीमंतांच्या आवडीनिवडीला भीक न घालता हवे तसे बांबू रंगवणारे विक्षिप्त चित्रकार इथे झाले. अरबस्तानातून आलेला एक धर्मोपदेशक इथेच विसावला, त्याची कबर अजून कालव्याजवळ आहे. एका इटालियन प्रवाशाने तर आपण इथे कारभार पाहिल्याचं सांगितलं, खरं-खोटं तोच जाणे. शेवटच्या दालनात गेल्या शतकातले लेखक आणि शास्त्रज्ञ होते.

आणि या सगळ्यांच्या आधी, अगदी दारातच, तो मूर्तीतला भिक्षू.

बाराशे वर्षांहून जुनी गोष्ट. आमच्याकडे येऊन दीक्षा द्या, असं सांगायला जपानी भिक्षू यांगचौला गेले. हा निघाला. पाच वेळा प्रयत्न फसला. कधी सरकारने अडवलं, कधी शिष्यांनीच चुगली केली, कधी वादळाने जहाज भलतीकडे नेऊन टाकलं. या धडपडीत त्याची दृष्टी गेली. सहाव्यांदा तो जपानला पोचला, तेव्हा समोरचा देश त्याला दिसत नव्हता. पुन्हा घरी तो गेलाच नाही. मी जपानी भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झाले तेव्हा बॅग भरायला काढली होती. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली आणि त्या बॅगेची मला लाज वाटली.

त्याची एक जगप्रसिद्ध मूर्ती नारामध्ये आहे. आमची होती ती नंतर कधीतरी कोणी लाकडात कोरलेली, ओसाकाबाहेरच्या या छोट्या मंदिरातली. ती प्रदर्शनात यावी ही खुद्द जुशोकु-सानचीच इच्छा.

"त्यांना गावी परत जाता आलं नाही," ते म्हणाले. "आता त्यांचं गावच ओसाकाला येतंय. त्यांनी तिथे असायला हवं."

"म्हणूनच वजन करू द्या," फुजिता-सान कळवळून म्हणाले. "स्टँडची टेस्ट झाल्याशिवाय म्युझियम मूर्ती घेणार नाही. मूर्तीच्या जागी फोटो लावतील."

"मूर्तीत प्राण आहे. तो काढण्याचा विधी केल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. विधी प्रदर्शनाला निघताना होईल. जूनमध्ये त्यांची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी भक्त येतील तेव्हा आसनावर नुसतं लाकूड असून कसं चालेल?"

"पण निघताना वजन करून उपयोग नाही. स्टँड बनवायला आम्हाला एक महिना लागतो."

"मग फोटो लावा," जुशोकु-सान म्हणाले. हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली. त्यांना किती लागलं ते मला दिसलं.

बाहेर येऊन फुजिता-साननी कपाळाला हात लावला. "अनघा-सान, या काळात असं कोणी वागतं का?"

गंमत म्हणजे तिथे जपानी ते होते आणि विधी त्यांना मी समजावत होते. "आमच्याकडे गणपती बसवतात. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की त्याला कोणी जागचा हलवत नाही. शेवटच्या दिवशी उत्तरपूजा होते, मग मूर्ती जराशी सरकवतात. त्यानंतरच उचलायची. त्याआधी माझ्या सासूबाईंनी तुम्हाला चौरंगाला हातसुद्धा लावू दिला नसता."

"म्हणजे ते बरोबर आहेत?"

"शंभर टक्के."

"छान. आता मूर्तीला पहारेकरी दोन," ते म्हणाले. फुजिता-सान असं टोचून क्वचितच बोलतात.

आम्ही व्हॅनमधली उपकरणं नीट बांधू लागलो. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की गणपती हलवत नाहीत हे खरं, पण देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला आई रोज ताम्हनात घेऊन आंघोळ घालते. देव म्हटला की धूळ बसणार, आणि धूळ बसली की पुसायला कोणीतरी लागणारच. मी बूट तसेच टाकून परत आत गेले.

"जुशोकु-सान, माफ करा. यांना आंघोळ कोण घालतं?"

फुजिता-सान दारात थिजले. त्यांचा चेहरा बघून वाटलं, आता हे माझा व्हिसा इथेच रद्द करतील. जुशोकु-सान तोंडभर हसले.

"आंघोळ नाही, अंग पुसतो. मी पुसतो. वर्षातून एकदा, पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी."

"त्या वेळी प्राण?"

"आधी काढतो. पुसून झालं की परत बोलावतो."

"मधले काही तास?"

ते समजले. "मधले काही तास ते लाकूड असतं," ते सावकाश म्हणाले. "तुमचा काटा स्वच्छ असेल तर या."

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी सकाळी विधी झाला. मंत्र, धूप, घंटेचा एक लांब नाद. जुशोकु-सान उठले आणि म्हणाले, "घ्या, लाकूड आहे." कंपनीतले आम्ही सगळे पुढे झालो आणि हात लावायच्या आधी एकजात वाकलो. माझा हात तर मूर्तीला लागून आपोआप कपाळाला गेला.

"लाकडाला?" जुशोकु-साननी विचारलं.

मूर्ती तीन लोड सेलवर ठेवली. लोड सेल म्हणजे वजनकाटाच, फक्त बशीएवढा. तिन्हींच्या आकड्यांची बेरीज केली की एकूण वजन मिळतं, आणि कुठे किती भार पडतो त्यावरून तोल कळतो. मूर्ती पोकळ निघाली, दिसते त्यापेक्षा कितीतरी हलकी. पण तोल मध्यावर नव्हता, बराच पुढे होता. मी सेल बदलून पाहिले, पुन्हा मोजलं. तेच.

मग मी बाजूला जाऊन मूर्तीकडे पाहिलं. इतके दिवस फोटो पाहिले होते ते सगळे समोरून काढलेले. समोरून भिक्षू ताठ बसलेला दिसतो. बाजूने दिसलं की मान आणि खांदे किंचित पुढे आले आहेत. ज्याला दिसत नाही तो समोरच्याचं बोलणं ऐकायला असा पुढे होतो.

"पाठीकडून पोकळ केली असेल, म्हणून पुढे जड," फुजिता-सान म्हणाले.

"ऐकतायत," जुशोकु-सान म्हणाले.

दोघांचंही बरोबर असेल. माझ्या अंगावर मात्र काटा आला. ज्याने ही मूर्ती कोरली त्याने त्या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी त्याला ते कळलं होतं आणि इतक्या वर्षांनी माझ्या स्क्रीनवर तेच आकड्यांत उमटलं होतं. अंदाजाने तोल मध्यावर धरला असता तर स्टँड चुकलाच असता.

जुशोकु-साननी अंग पुसायला घेतलं आणि शेवटी कापडाची घडी माझ्या हातात दिली. "डोळे तुम्ही पुसा. आतून बाहेर, हलक्या हाताने." पातळ कापडाखाली मिटलेल्या पापण्यांचा उंचवटा बोटांना लागला. "त्यांनी हा देश कधी पाहिला नाही," ते म्हणाले, "फक्त ऐकला." माझे डोळे भरून आले. घरी आल्यावर मुलीला हे सांगितलं तर ती जपानीत म्हणाली, "मग ते कशासाठी आले?"

दुपारी प्राण परत आला, दुसऱ्या दिवशी पुण्यतिथी यथासांग झाली. महिन्याभरात स्टँड तयार झाला, टेस्ट पास झाली. निघताना पुन्हा विधी झाला आणि भिक्षू गावकऱ्यांना भेटायला ओसाकात दाखल झाला.

प्रदर्शन सुरू असताना मी तपासणीला गेले, तर जुशोकु-सान मूर्तीसमोरच्या बाकावर बसलेले.

"लाकडाला भेटायला आलात?" मी आता चिडवू शकत होते.

"ते गावकऱ्यांत फिरतायत," त्यांनी बाकीच्या दालनांकडे हात केला. "मी सामान सांभाळतोय."

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम ओरडले. भूकंप. जमीन सरकली, काचा खडखडल्या, कोणीतरी किंचाळलं. मी बाकाला घट्ट धरून स्टँडकडे बघत होते. खालची प्लेट धक्क्यासरशी मागेपुढे जात होती. वर भिक्षू बसला होता, मान किंचित पुढे, पापण्या मिटलेल्या. तो हललाच नाही. सगळी इमारत हलत होती आणि तो ऐकत होता. माझं हे पहिलंच स्वतंत्र डिझाइन. ते खऱ्या भूकंपात चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. आपण बनवलेल्या वस्तूकडे बघून हात जोडावेसे वाटतील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

धक्के थांबले. मी जुशोकु-सानना विचारलं, "घाबरलात का?"

"मी घाबरलो," ते म्हणाले. "ते नाही. सहा वेळा निघालेला माणूस आहे."

फुजिता-सान आता नव्या मंदिरात गेले की काटा व्हॅनमध्येच ठेवतात. आधी गुडघे मोडून बसतात, चहा घेतात आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारतात, यांना आंघोळ कोण घालतं? वजनाचं नंतर.