टोपल्याखालचं पीठ

अकोल्याच्या कॉलेजात मी दरवर्षी मुलांना एक जुना कृष्णधवल चित्रपट दाखवते. त्यात एका बाईचा नवरा जातो. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माणूस गेला त्या जागी पीठ पसरून, शेजारी दिवा लावून, वर टोपलं झाकतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्याच्या जन्माला जीव गेला म्हणायचं. चित्रपटातला भटजी कोणी नाही असं बघून टोपलं उचलतो आणि बोटानं पाखराची पावलं काढतो. तेवढ्यात दिवा विझतो.

विशीत अमरावतीला तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा घरी येऊन ताटावरच मी तावातावानं अर्थ सांगितला. विझलेला दिवा म्हणजे मेलेली श्रद्धा, आणि भटजी सगळे असेच ढोंगी. माझे बाबा भटजी होते. वलगावपासून अंजनगावपर्यंत दहाव्याला त्यांनाच बोलावणं यायचं. आईनं डोळे वटारले. बाबांनी एवढंच विचारलं, "मंग त्या बाईनं जेवण केलं का?"

मला सांगता येईना. विषय टाळतायत, असंच मला वाटलं, आणि ती अढी पुढे कित्येक वर्षं माझ्या मनात राहिली.

आई गेली त्या दिवशी बाबांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी घोटभर चहा नाही. ऐंशीचं वय, त्यात शुगर. मी फार घाबरले. ते अंघोळीला गेले तशी मी, देव न मानणारी बाई, आईच्या जागी झाकलेल्या टोपल्यापाशी बसले. आई रोज कंपाउंडच्या भिंतीवर चिमण्यांना तांदूळ टाकायची. तीन-तीन रेघांची चार पावलं मी कशीबशी काढली. दिवा काही विझला नाही.

बाबांनी टोपलं उचललं.

"चिमणीले मांगं बी एक बोट असते, बेटा," ते म्हणाले, आणि वाकून प्रत्येक पावलाला मागची रेघ जोडली. हात सराईत होता. किती घरांत तो सराव झाला, ते मी विचारलं नाही. मग त्यांनी शेजारून आलेला पिठलं-भात वाढायला सांगितला. मी वाढताना रडले.

यंदा एका मुलीनं भटजीला ढोंगी ठरवलं. बरोबरच होतं तिचं. मी फक्त चित्रपट थोडा पुढे चालू ठेवला. दिवा विझल्यावर ती बाई ताटावर बसते, भाकरीचा तुकडा मोडते. विशीत मी त्याआधीच तावातावानं उठून घरी निघाले होते.