दोन सूर खाली

मास्तर तेहतीस वर्षं ताईंच्या संगीत नाटकात पियानो वाजवत होते, आणि त्यातली सोळा वर्षं ते चक्क लबाडी करत होते.

पन्नाशी उलटल्यावर ताईंचा आवाज वरच्या सुराला अडखळायला लागला. एका प्रयोगाला मास्तरांनी पट्टी गुपचूप अर्ध्या सुराने उतरवली. ताई झोकात गाऊन गेल्या, टाळ्या पडल्या. चार वर्षांनी आणखी अर्धा. असं करत पट्टी दोन सूर खाली आली. बासरीवाला आणि व्हायोलिनवाली यांना मास्तरांनी दमच भरला होता, "ताईंच्या कानावर गेलं तर याद राखा!"

मग नाटकावर सिनेमा करायचं ठरलं. नायिका अर्थातच ताई, वय वर्षं सदुसष्ट. रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी गाण्यांची छापील पानं घरी आली आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पट्टी मूळचीच होती. चाळीस वादकांसमोर ताईंचा आवाज फाटणार!

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका ना एकदाचं. फार तर ओरडतील."

"कामावरून काढतील."

"मग दिवसभर माझ्या डोक्याशी कटकट कराल. त्यात नवीन काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ताईंच्या घरी गेले. ताई कोमट पाण्यात पाय सोडून संवाद पाठ करत बसल्या होत्या.

"ताई, एक सांगायचं होतं. गेली सोळा वर्षं मी... म्हणजे..."

"पट्टी उतरवताय," ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, गळा माझा आहे. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या निगुतीने लपवत होता. म्हटलं, कशाला हिरमोड करा!"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. "पण ती पानं..."

"चुकून जुनी पाठवली. दिग्दर्शकाला मी आधीच बजावलंय, विशीतली नायिका हवी असेल तर दुसरी शोधा. आता त्याने गोष्टच बदललीये. नायिका म्हातारपणी मागचं सगळं आठवते आणि गाते. नवी पानं आज येतील, दोन सूर खाली." ताईंनी टॉवेल ओढला. "पहिलं गाणं तेवढं आणखी अर्धा सूर उतरवा."

"आणखी?"

"सकाळचं रेकॉर्डिंग आहे, मास्तर. बारा वाजेपर्यंत माझा गळा जागा होत नाही."

आणि रेकॉर्डिंगला खरंच तसं झालं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ताईंनी हात वर करून चाळीस जणांना थांबवलं आणि त्या सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मास्तर, हे जमत नाहीये. जरा खाली घ्या."

मास्तरांनी मान डोलावली, वादकांना नवी पट्टी सांगितली. चोरून करायचं काही उरलंच नव्हतं. त्या दुपारी घरी येऊन ते दोन वेळचं जेवले आणि बूटसुद्धा न काढता ढाराढूर झोपले.