वर्षभर घेतलेली खोली

नेपरव्हिल या अमेरिकन उपनगरातून ट्रेनने मी ज्या ऑफिसात जाते, तिथे गरीब देशांना सुशासन शिकवतात. त्यांचे कोर्स मी बनवते. मी मूळची चंद्रपूरची. घरामागून कोळशाच्या मालगाड्या धडधडत जायच्या आणि आम्ही लोडशेडिंगमध्ये घाम पुसत बसायचो. म्हणून सुशासन म्हटलं की माझं डोकंच फिरतं, पण पोट त्यावरच चाललंय.

गेल्या वर्षी तांब्याच्या खाणी असलेल्या एका देशातून जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांची मागणी एकच होती, रुग्णालयाला वीज द्या. खाणीला जाणारी लाईन त्यांच्या छपरावरूनच जाते. इंग्रजांनी ती खाणीपुरती टाकली, वाटेतल्या गावांना एक दिवाही दिला नाही. इंग्रज गेले, स्वतःचं सरकार आलं, खाण दुसऱ्या परदेशी कंपनीने घेतली, लाईन मात्र होती तशीच. आमचे साहेब मान डोलावत ऐकत होते. मग म्हणाले, आमचा निधी तारांसाठी नाही, क्षमताबांधणीसाठी आहे. आणि तिकडच्या नर्सेसना त्यांच्याच गावातल्या हॉटेलात आम्ही देत होतो ते ट्रेनिंग आणखी एक वर्ष वाढवून दिलं. डॉक्टरबाईंनी मनापासून आभार मानले. मला भयंकर चीड आली.

विमानतळावर सोडताना मी विचारलंच, "आभार कसले मानलेत?"

"हॉटेलला जनरेटर आहे," त्या म्हणाल्या. "ट्रेनिंगसाठी तिथली एक खोली वर्षभर घेतलेली असते. तिच्या फ्रीजमध्ये आम्ही बाळांच्या लसी ठेवतो. कुणाला सांगू नका, नियमात बसत नाही."

यंदा बजेट कापलं गेलं. टीममधला पुण्याचा एकजण खुशीत माझ्याकडे आला. "अगं, सगळं ट्रेनिंग ऑनलाईन शिफ्ट केलं. हॉटेल कॅन्सल. साहेब जाम इम्प्रेस झाले."

"हॉटेल राहू दे," मी म्हणाले.

"का पण? लॉजिक काय, यार?"

खरं सांगितलं असतं तर रुग्णालयावरच नियमभंगाचा ठपका आला असता. मी एवढंच म्हणाले, "तिथे वीज नसते. ऑनलाईन बघणार कसं?"

"रेकॉर्डिंग अपलोड करू ना. लाईट आली की बघतील."

पहिला कोर्स माझ्याच गळ्यात पडला. विषय होता लसींची साठवण.