मामाचं एकुलतं एक प्रमेय

आमचा मामा कॉलेजात गणित शिकवायचा. आयुष्यात त्यानं एकच शोधनिबंध लिहिला. मामीनं त्याचं पहिलं पान चौकटीत घालून बैठकीत टांगलं, आणि तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ते बघावं लागलं, कळो न कळो.

मला कळलं, आणि तिथंच माशी शिंकली. माझा प्रबंध त्या निबंधातल्या प्रमेयावर उभा, आणि प्रमेयच चुकलेलं! प्रबंध वाचवायचा तर मामाची जन्माची कमाई मोडायची, तीही छापून. असा राग आला म्हणून सांगू, स्वतःचाच जास्त.

गोष्ट साधी आहे. आकड्यांचं न संपणारं कोष्टक. तीन तिरप्या ओळी भरलेल्या, बाकी सगळी शून्यं. म्हणजे प्रत्येक आडव्या ओळीचं बोलणं स्वतःशी आणि दोन शेजारणींशी, बस्स. आकडे मात्र खाली जावं तसे बेफाम वाढत जाणारे. अशा कोष्टकाचे काही ठरावीक आकडे असतात, ज्यांवर ते जणू घुमतं. त्यांना वर्णपट म्हणतात. मामाचं प्रमेय सांगायचं, अशा कोष्टकाचा वर्णपट एकच, दुसरा असूच शकत नाही.

रविवारी दुपारी मामाकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मामानं खिडकीशी बसून डोळे मिटले. तो विचार असाच करायचा, कोष्टकातून पायी चालत. बोटं गुडघ्यावर पावलं टाकू लागली. पडद्यातून आलेला उजेड जमिनीवरून सरकत त्याच्या पायांवर चढला. पावलं जलद झाली, मग इतकी जलद की नुसती थरथर. मलाही वाटायला लागलं, आपण त्याचं बोट धरून उतरतोय. मग बोटं थांबली.

"पोचलो," तो हळूच म्हणाला. "अनंताला कुणी पोचत नाही असं धरून चाललो होतो गं. म्हणून तिथं नियम काय, ते विचारलंच नाही. इथं तर आकड्यांबरोबर वेगही वाढत जातो, चहा निवायच्या आत पोचतोय."

"आणि तिथं जो नियम लावू, त्याचा वर्णपट वेगळा," मी म्हणाले. मला रडू आलं.

मामा स्टुलावर चढला आणि चौकट खाली काढली. मामी दारात धावत आली. त्यानं मागचे खिळे उचकटले, पान बाहेर घेतलं आणि तळाशी पेन्सिलीनं लिहिलं: 'चूक. भाचीनं शोधली. तिचं बरोबर आहे.' मग चौकट पुन्हा टांगली, या वेळी जरा खाली, येणाऱ्याजाणाऱ्याला तळाची ओळही वाचता यावी म्हणून.