रेल्वे नसलेल्या गावातली शिट्टी

निपाणीला रेल्वे नाही. तरी छोट्या मॉडेल इंजिनांना आवाज बसवून देणारा माणूस मला भेटला तो तिथंच. एरवी तो मोबाइल दुरुस्त करायचा. माझ्या वीतभर इंजिनात आवाजाची चिप आणि स्पीकर घातल्यावर झाकण बसेना, म्हणून त्यानं आतल्या चिमुकल्या ड्रायव्हरचे पाय कापले.

"बसूनच असतोय की ओ, पाय कशाला?" असं म्हणत त्यानं ड्रायव्हरच्या पाठीवरून हळूच बोट फिरवलं.

मग त्यानं शिट्टी वाजवून बघितली. शेजारच्या म्हाताऱ्या आक्का पिशवी घेऊन लगबगीनं आल्या. बस लागते म्हणून त्या मिरजेला लेकीकडं कधी जातच नसत.

"रेल्वे आली व्हय रं?"

मला हसू फुटणार होतं. तो गंभीरपणे म्हणाला, "आली की आक्का. पर स्टेशन लई लांब हाय. बसा स्कूटरवर."

निघताना तो माझ्या कानाशी आला. "चिकोडी रोडला गाडीत बसवून येतो. आता शिट्टी वाजवू नका. गाडी सुटली म्हणून आक्का घाबरंल."

स्कूटर दिसेनाशी झाली, तरी मी बटणाला हात लावला नाही.